एलईडी चेझर कंट्रोलर घरी बनवा: ८७ डाग, एकही कच्चा नको



व्हिडिओत हात चालताना दिसतात, पण रेझिस्टरचे आकडे आणि पिन नंबर लक्षात राहत नाहीत. म्हणून चेझर कंट्रोलरच्या व्हिडिओसोबत हा लेख देतोय. मोबाईलवर उघडा, टेबलावर ठेवा आणि एकेक पायरी करत चला.

चेझर म्हणजे एकामागून एक पेटत जाणारी, पळणारी लायटिंग. गणपतीच्या मखरामागे, मांडवाच्या कमानीवर, नवरात्रात देवीच्या गाभाऱ्याभोवती, दुकानाच्या पाटीवर, सगळीकडे ही लागते. आपण १२ व्होल्टच्या एलईडी पट्ट्या चालवणारा चार चॅनलचा बोर्ड बनवणार आहोत. सामान सोपं आहे, कुठल्याही शहरात मिळतं, आणि कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग अजिबात लागत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. या बोर्डावर मी डाग मोजले. डाग म्हणजे सोल्डरचा जोड, तांब्यापितळेच्या भांड्याला देतात तोच शब्द. जंपर वायर सोडून ८७ डाग भरतात. समजा तुमचा हात बऱ्यापैकी बसलाय आणि शंभरात एकच डाग कच्चा राहतो. ऐकायला छान वाटतं ना? पण गणित करा. ८७ च्या ८७ डाग चांगले निघण्याची शक्यता तेव्हा फक्त ४२ टक्के उरते. म्हणजे दहा बोर्ड बनवले तर पाच-सहा बोर्डांत कुठेतरी एक कच्चा डाग असणार. तोच हजारात एक कच्चा असेल, तर दहात एखादाच बोर्ड खराब निघेल.

या धंद्यात नफा-तोटा इथेच ठरतो. सर्किट इंटरनेटवर सगळ्यांना मिळतं. दहा दिवस न थांबता चालेल असा बोर्ड देणारा माणूस मिळत नाही.

पहिला निर्णय: २३० नको, १२ व्होल्टच

पूर्वी मांडवात २३० व्होल्टवर चालणारे चेझर असायचे, त्यात एससीआर किंवा ट्रायॅक लावलेले असत. तसा बोर्ड आजही बनवता येतो. पण पहिलं प्रॉडक्ट म्हणून तो कधीच बनवू नका. भाद्रपदात पाऊस असतो, मांडवाची जमीन ओली असते, पोरं कमानीला हात लावतात. उघड्या २३० व्होल्टच्या ट्रॅकवर एक चूक म्हणजे जिवाशी खेळ.

१२ व्होल्टमध्ये तयार एसएमपीएस घ्यायचा. २३० व्होल्ट तिथेच थांबतात आणि आपल्या बोर्डावर फक्त १२ व्होल्ट डीसी येतात. एसएमपीएसची मेनची टर्मिनल मात्र झाकलेली हवीत, अर्थिंग जोडलेलं हवं, आणि मांडवाच्या बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी आहे का हे लायटिंगवाल्याला विचारायचंच.

सर्किट चालतं कसं

बोर्डाचे तीन भाग आहेत.

पहिला भाग ५५५ टायमर आयसी. हा ठोके देतो, घड्याळाच्या लंबकासारखा. दुसरा भाग ४०१७ काउंटर आयसी. हा ठोके मोजतो आणि प्रत्येक ठोक्याला पुढची आऊटपुट पिन चालू करतो, आधीची बंद करतो. तिसरा भाग चार मॉस्फेट. आयसीची पिन दोन अँपिअरचा लोड ओढू शकत नाही. म्हणून पिन फक्त इशारा करते आणि मॉस्फेट पट्टी चालू-बंद करतो. साहेब सही करतो, ओझं हमाल उचलतो, तसंच.

ठोक्यांचा वेग असा काढतात: १.४४ भागिले (आर१ अधिक दोनदा आर२) गुणिले सी. आपण आर१ १० के घेतलाय, आर२ म्हणजे ४.७ के आणि त्याच्या सिरीजमध्ये १०० केचा पॉट, सी १० एमएफडी. पॉट एका टोकाला असताना सेकंदाला साधारण सात ठोके पडतात, दुसऱ्या टोकाला दीड सेकंदाला एक. आरतीच्या वेळी संथ आणि मिरवणुकीत जोरात, दोन्ही एकाच पॉटवर.

जोडणी अशी:

५५५ ची पिन १ ग्राउंडला. पिन ८ आणि ४ प्लसला. पिन ८ आणि ७ मध्ये १० के. पिन ७ आणि ६ मध्ये ४.७ के आणि पॉट. पिन ६ आणि २ एकमेकांना जोडा, तिथून १० एमएफडी ग्राउंडला, कॅपॅसिटरचा मायनस ग्राउंडकडे. पिन ५ वरून १०३ नंबरचा डिस्क कॅपॅसिटर ग्राउंडला. पिन ३ म्हणजे ठोके. ती थेट ४०१७ च्या पिन १४ ला जाते. त्याच पिन ३ वरून १ के रेझिस्टर लावून एक छोटा लाल एलईडी ग्राउंडला द्या. हा बोर्डाची नाडी दाखवतो. बिघाड शोधताना याचा किती उपयोग होतो ते पुढे कळेल.

४०१७ ची पिन १६ प्लसला, पिन ८ आणि १३ ग्राउंडला. आऊटपुट क्रमाने पिन ३, २, ४, ७. आकडे उलटसुलट वाटतील, पण हाच क्रम आहे, बदलू नका. पाचवी आऊटपुट पिन १० आहे, ती पिन १५ ला, म्हणजे रीसेटला जोडा. त्यामुळे चार झाले की मोजणी परत पहिल्यावर येते.

प्रत्येक आऊटपुटवरून १०० ओहमचा रेझिस्टर मॉस्फेटच्या गेटला. गेटवरून १० के ग्राउंडला. सोर्स ग्राउंडला. ड्रेन पट्टीच्या मायनसला. पट्टीचा प्लस थेट १२ व्होल्टला.

सामानाची यादी, एका बोर्डासाठी

- ५५५ आयसी १, ४०१७ आयसी १
- आयसी बेस: ८ पिनचा १, १६ पिनचा १
- आयआरएफझेड ४४ एन मॉस्फेट ४
- रेझिस्टर पाव वॅट: १०० ओहम ४, १० के ५, ४.७ के १, १ के १
- पॉट १०० के १
- कॅपॅसिटर: ४७० एमएफडी २५ व्होल्ट १, १० एमएफडी २५ व्होल्ट १, १०४ डिस्क २, १०३ डिस्क १
- १एन ४००७ डायोड १, लाल एलईडी १
- काचेचा ३ अँपिअरचा फ्यूज, होल्डरसकट
- दोन पिनचे स्क्रू कनेक्टर ५
- झिरो पीसीबी, जंपरसाठी सिंगल स्ट्रँड वायर, जाड करंटसाठी १ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर

मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत हे सगळं एका फेरीत मिळतं. दहा बोर्डांचं सामान एकदम घ्या, आणि आयसी दोन-चार जास्तीच्या घ्या. प्रत्येक सामानाची पुडी वेगळी आणि वर नाव. १० के आणि १०० ओहम एका पुडीत मिसळले तर अर्धा दिवस तिथेच जातो. ओळखायला रंग: १० के तपकिरी-काळा-नारिंगी, १०० ओहम तपकिरी-काळा-तपकिरी, ४.७ के पिवळा-जांभळा-लाल.

डायोड फक्त आयसींच्या वाटेवर लावायचा, पट्टीच्या वाटेवर नाही. कुणी प्लस-मायनस उलटं जोडलं तर आयसी वाचतात. त्यात ०.७ व्होल्टच्या आसपास पडतात, म्हणून आयसींना ११.३ व्होल्ट मिळतील. दोन्ही आयसींना ते चालतं, आणि मॉस्फेटचा गेटही तेवढ्यात पूर्ण उघडतो. ४७० एमएफडी डायोडच्या पुढे लावा. दोन्ही १०४ प्रत्येक आयसीच्या अगदी शेजारी, प्लस आणि ग्राउंडमध्ये.

पट्टी कुठली? मीटरला ६० एलईडीची ३५२८ जातीची पट्टी साधारण ४.८ वॅट मीटरला घेते. पाच मीटरचा रोल म्हणजे २४ वॅट, म्हणजे २ अँपिअर. चेझरमध्ये एका वेळी एकच चॅनल चालू असतो, म्हणून १२ व्होल्ट ५ अँपिअरचा एसएमपीएस आरामात पुरतो. पण गिऱ्हाईक ५०५० ची पट्टी घेऊन आलं तर थांबा. ती १४.४ वॅट मीटरला, म्हणजे रोलला ६ अँपिअर. मग फ्यूज, वायर, एसएमपीएस सगळंच बदलावं लागतं. ऑर्डर घेताना "मीटरला किती वॅट?" हा प्रश्न पहिला.

हत्यारं

२५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, टोकदार बिटचं, तीन पिनांच्या प्लगचं. जाड वायरसाठी दुसरं ६० वॅटचं. ६०-४० ची, आत राळ असलेली बारीक सोल्डर वायर. डिसोल्डर पंप, कटर, चिमटा, भिंग आणि बीप देणारा मल्टिमीटर. एवढ्यावर धंदा सुरू होतो. महागडं सोल्डरिंग स्टेशन पहिल्या सीझनच्या नफ्यातून घ्या.

एक सूचना. भांड्यांना कल्हई करताना नवसागर वापरतात, तो पितळेवर चालतो. पीसीबीवर नवसागर किंवा ॲसिडवालं फ्लक्स चुकूनही नको. आज डाग चकाचक दिसेल, आणि पावसाळी हवेत दोन महिन्यांत तांबं हिरवं पडेल. इथे फक्त राळेचं फ्लक्स.

डाग कसा द्यायचा

आधी बिटला कल्हई करा. म्हणजे गरम बिटवर थोडी सोल्डर वितळवून ओल्या स्पंजवर पुसा. बिट चांदीसारखी चमकली पाहिजे. काळी बिट उष्णता देत नाही, आणि नवीन पोरांचे निम्मे कच्चे डाग काळ्या बिटमुळेच होतात. दर आठ-दहा डागांनंतर पुसा आणि परत कल्हई करा.

आता डाग:

१. बिट पीसीबीच्या तांब्याच्या कड्याला आणि सामानाच्या पायाला एकाच वेळी टेकवा. एक सेकंद थांबा.
२. सोल्डर वायर बिटला नाही, पाय आणि कडं जिथे भेटतात तिथे लावा. ती तिथल्या उष्णतेने वितळली पाहिजे.
३. सोल्डर कड्यावर पसरली की आधी वायर काढा, मग बिट. सगळं मिळून दोन-तीन सेकंद.
४. डाग थंड होईपर्यंत काहीही हलवू नका. फुंकर मारू नका.

चांगला डाग ओळखायचा कसा? लाडू नको, शिखर हवं. पायाभोवती निमुळता वर चढलेला, खाली कड्यावर पूर्ण पसरलेला, चकचकीत. गोल गोळा बसला असेल, राखाडी-खडबडीत दिसत असेल किंवा पायाभोवती बारीक गोल रेघ दिसत असेल, तर तो ड्राय सोल्डर. तो आज चालेल. ढोल-ताशा वाजला, स्पीकरने कमान थरथरली की सुटेल. वाईट भाग हा की तो टेबलावर चालतो आणि मांडवात बंद पडतो.

हा डाग दुरुस्त करताना वरून आणखी सोल्डर ओतू नका. जुनी पंपाने ओढून घ्या, थोडं फ्लक्स लावा आणि नव्याने डाग द्या.

६०-४० सोल्डरमध्ये शिसं असतं. काम करताना खाणं-पिणं बंद, उठल्यावर साबणाने हात धुवायचे, लहान मुलांना टेबलापासून लांब ठेवायचं. राळेचा धूर नाकात जाऊ नये म्हणून एक छोटा पंखा बाजूला लावा, हवा आपल्यापासून लांब जाईल अशी.

जुळणीचा क्रम

साधा नियम: बुटकं आधी, उंच नंतर. बोर्ड उलटा केला की सामान खाली पडत नाही.

जंपर वायर, मग रेझिस्टर आणि डायोड, मग आयसी बेस, मग डिस्क कॅपॅसिटर, मग एलईडी आणि उभे कॅपॅसिटर, मग मॉस्फेट, आणि शेवटी पॉट, फ्यूज होल्डर, कनेक्टर. आयसी अजून बेसमध्ये घालायचेच नाहीत.

इथे तीन गोष्टी सांभाळा.

बोर्ड उलटा केला की डावं-उजवं बदलतं. बेसची खाच ज्या बाजूला आहे, त्या बाजूला खालूनही मार्करने खूण करा आणि पिन १ जवळ ठिपका द्या. चुकीच्या पिनला डाग हा सगळ्यात जास्त वेळ खाणारा प्रकार आहे.

मॉस्फेटवरचं लिखाण आपल्याकडे असताना डावीकडून गेट, ड्रेन, सोर्स. मागचा धातूचा पत्रा ड्रेनला जोडलेला असतो. म्हणून चार मॉस्फेटचे पत्रे एकमेकांना चिकटता कामा नयेत. २ अँपिअरवर हा मॉस्फेट कोमटसुद्धा होत नाही, त्यामुळे हीट सिंक नको. गरम लागला तर समजा गेटला पूर्ण व्होल्टेज मिळत नाही.

झिरो पीसीबीचं तांबं पातळ असतं. पट्टीचा २ अँपिअर करंट त्यावरून नेऊ नका. १२ व्होल्टच्या कनेक्टरपासून सोर्सपर्यंत आणि ड्रेनपासून आऊटपुटपर्यंत जाड वायर टाका. आयसींचं ग्राउंड वेगळ्या वायरने आणून इनपुट कनेक्टरलाच भेटवा. मोठ्या करंटची आणि आयसींची वाट एकच असेल तर काउंटर मधेच उड्या मारतो.

टेस्टिंग: पाच पायऱ्या, एकही गाळायची नाही

पहिली, वीज न देता. भिंगाखाली सगळे डाग बघा, शेजारच्या दोन कड्यांमध्ये सोल्डरचा पूल झालाय का ते बघा. मग मल्टिमीटर बीपवर ठेवून प्लस-ग्राउंड तपासा. कॅपॅसिटर भरताना क्षणभर बीप येऊ शकते, पण ती थांबली पाहिजे. सलग बीप म्हणजे शॉर्ट.

दुसरी, आयसीशिवाय वीज. प्लसच्या वायरीत गाडीचा १२ व्होल्टचा इंडिकेटर बल्ब सिरीजमध्ये लावा. शॉर्ट असेल तर बल्ब पेटेल आणि बोर्ड वाचेल. बल्ब विझलेला असेल तर बेसवर व्होल्टेज मोजा. ५५५ च्या पिन ८ आणि ४ वर, ४०१७ च्या पिन १६ वर ११.३ च्या आसपास आलं पाहिजे.

तिसरी, वीज बंद करून फक्त ५५५ घाला. परत चालू करा. लाल एलईडी लुकलुकला पाहिजे आणि पॉट फिरवला की वेग बदलला पाहिजे.

चौथी, वीज बंद करून ४०१७ घाला. पिनांना बोटं लावू नका, आधी अर्थ केलेल्या धातूला हात लावा. पॉट अगदी संथ करून पिन ३, २, ४, ७ वर क्रमाने व्होल्टेज येतं का बघा. चालू केल्यावर पहिले सात-आठ सेकंद काहीच दिसलं नाही तर घाबरू नका. काउंटर कधी मधल्याच आकड्यावर जागा होतो आणि पाच ठोके रिकामे जातात.

पाचवी, बल्ब काढून पट्ट्या जोडा आणि चालू ठेवा. तुम्ही समोर असताना रोज आठ तास, असे तीन दिवस. मधूनमधून स्क्रू ड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने बोर्डावर हळू टकटक करा, वायर हलवून बघा. कच्चा डाग असेल तर पट्टी लपलपते. ती आपल्या टेबलावर लपलपली तर पाच मिनिटांचं काम आहे. मांडवात लपलपली तर धंद्याचं नाव गेलं.

बिघाड कुठे ते लाईटच सांगते

लाल एलईडी लुकलुकत नाही: ५५५ चा भाग. पिन ४ ला प्लस आहे का, पिन २ आणि ६ जोडल्यात का ते बघा.

एलईडी लुकलुकतो, पण चेझर जिथल्या तिथे उभा: ४०१७ ची पिन १३ ग्राउंडला नीट लागलेली नाही, किंवा पिन १४ चा डाग कच्चा.

चार पट्ट्या पेटतात आणि मग बराच वेळ अंधार: पिन १० ते १५ ची वायर सुटलीय. काउंटर दहापर्यंत मोजतोय, म्हणून सहा ठोके रिकामे जातायत.

एक पट्टी कायम पेटलेली: त्या मॉस्फेटच्या ड्रेन-सोर्समध्ये सोल्डरचा पूल, नाहीतर मॉस्फेट गेला.

एखादी पट्टी मंद मंद पेटून राहते: गेटच्या १०० ओहम आणि १० के दोन्हींचे डाग तपासा.

क्रम सोडून उड्या मारतो: आयसीशेजारचे १०४ किंवा ग्राउंडची वाट तपासा.

पट्टी शेवटाकडे मंद: बोर्डाचा दोष नाही. पाच मीटरच्या पुढे एकाच टोकाने वीज देऊ नका. बोर्ड ते पट्टी दहा मीटर असेल तर १ स्क्वेअर एमएम वायरमध्ये २ अँपिअरला ०.७ व्होल्ट वाटेतच जातात. तिथे १.५ घ्या किंवा बोर्ड जवळ बसवा.

ही यादी छापून भिंतीवर लावा. रात्री दहाला मंडळाच्या कार्यकर्त्याचा फोन आला तर तो जे सांगेल त्यावरूनच तुम्हाला कुठला डाग ते कळेल.

आता हिशेब

नवीन लोक किंमत अशी लावतात: सामान २६० चं, दुप्पट करू, ५०० ला देऊ. इथेच मार खातात. पद्धत समजावी म्हणून मी आकडे धरतो, तुम्ही तुमच्या बाजाराचे घाला.

सामान २६० रुपये. डबी, वायर, लेबल ९०. सोल्डर, बिट, वीज १५. वेळ अडीच तास, तासाला १०० धरले तर २५०. दहात एक बोर्ड परत आला आणि त्याच्या दुरुस्तीच्या फेरीला ३०० गेले, तर प्रत्येक बोर्डावर ३०. बेरीज ६४५. म्हणजे ५०० ला विकणारा प्रत्येक बोर्डामागे १४५ रुपये खिशातले घालतोय. त्यावर ३० टक्के धरले तर किंमत साधारण ८४० होते. एसएमपीएस आणि पट्टी वेगळी.

आता कच्च्या डागांचा परिणाम बघा. दहातले पाच बोर्ड परत आले तर दुरुस्तीचा खर्च बोर्डामागे ३० वरून १५० वर जातो. एकूण ७६५. हातात उरतात ७५ रुपये. नफा १९५ वरून ७५ वर आला, आणि सामान, किंमत, गिऱ्हाईक काहीच बदललं नाही. फक्त डाग बदलले.

"तयार कंट्रोलर ऑनलाइन स्वस्तात मिळतो, मग तुमचा कशाला?" हा प्रश्न येणारच. स्वस्तात स्पर्धा करू नका. तो बंद पडला की उत्सवात तो दुरुस्त कोण करणार? तुमचा बोर्ड आयसी बेसवर आहे, दोन मिनिटांत आयसी बदलतो, आणि तुम्ही त्याच तालुक्यात आहात. हेच विका. प्रत्येक बोर्डावर नंबर टाका, वहीत तारीख आणि टेस्टिंगची टिक लिहा, आणि सहा महिन्यांची दुरुस्ती बिलावर लिहून द्या. दर चार बोर्डांमागे एक जास्तीचा तयार ठेवा. बंद पडलेला बोर्ड जागेवर दुरुस्त करत बसायचं नाही, बदलून द्यायचा आणि दुकानात आणून उघडायचा.

कागदपत्रं

एसएमपीएस स्वतः बनवू नका, आणि बिननावाचाही घेऊ नका. त्यावर बीआयएसचा मार्क आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी नंबर असतो, तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. बीआयएसच्या सक्तीच्या नोंदणीत एलईडीचे ड्रायव्हर, एलईडीचे डिमर, रोपलाइट, लायटिंग चेन अशा वस्तू येतात. म्हणून पट्टी, एसएमपीएस आणि बोर्ड एकत्र करून स्वतःच्या ब्रँडचा सेट विकायचा विचार असेल, तर छपाई करण्याआधी बीआयएसच्या शाखेत लेखी विचारून घ्या. डब्या छापून झाल्यावर विचारणं महागात पडतं.

जीएसटीसाठी आपल्या राज्यात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाच्या ४० लाख उलाढालीची मर्यादा आहे, सेवा देणाऱ्याला २० लाख. लायटिंग लावून देण्याचं कामही घेत असाल तर सीएला आधीच विचारा. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, तिच्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

वेळापत्रक

गणपतीचा माल श्रावणात विकला जातो. म्हणून आषाढ संपण्याआधी तुमचे दहा बोर्ड टेस्टिंग होऊन कपाटात पाहिजेत. उलटं मोजा: तीन दिवस टेस्टिंग, त्याआधी रोज दोन-तीन बोर्ड, त्याआधी सामानाची फेरी. त्याच्याही आधी एका रिकाम्या झिरो पीसीबीवर नुसते २०० डाग. सामान काही लावायचं नाही, तांब्याच्या तुकड्यांना डाग द्यायचे आणि भिंगाखाली मोजायचे. २०० त दोन लाडू निघाले तर अजून विकायला घेऊ नका, आणखी २०० द्या.

पहिला सीझन झिरो पीसीबीवरच करा. तोच बोर्ड दहा ठिकाणी दहा दिवस चालला, की मग कीकॅडसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये डिझाईन काढून छापील पीसीबी मागवा. जंपर संपतील, वेळ निम्म्यावर येईल आणि नफा तिथून वाढेल. पण ८७ डाग तेव्हाही तुम्हालाच द्यायचे आहेत.

या आठवड्याचं काम एवढंच: सामान आणा, २०० डाग द्या, आणि एकच बोर्ड पाचही पायऱ्यांनी टेस्ट करून उभा करा. तो तीन दिवस चालला की दुसऱ्याला हात घाला.